बाई, संपात जाऊ का?

आदरणीय बाई,

मी २६ वर्षांची. गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेविका आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, दीड वर्ष झालं. पहिली ते चौथी, पट १८, शिक्षक आम्ही दोघं. मुख्याध्यापक गुरुजींच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. ते संघटनेचे तालुक्याचे पदाधिकारी आहेत. संघटनेची बेमुदत शाळा बंदची तयारी चाललीय. गुरुजी म्हणतात, "एकजूट दाखवायची, सही कर." मिस्टर म्हणतात, "सेवक काळात रेकॉर्डवर येऊ नकोस." पप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर होते. त्यांचं एकच, "संप फोडणारी पोरगी माझ्या घरात नको." परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शाहू महाराजांनी पोरगं शाळंत न धाडणाऱ्या बापाला दंड लावला हुता. शाळाच बंद ठेवणाऱ्या मास्तरला कोण लावणार?" मला उत्तर देता आलं नाही, खूप लाज वाटली. मागण्यांचं पत्रक सोबत जोडलंय. काय करू?

– एक शिक्षण सेविका

प्रिय पोरी,

पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. बारा मागण्या आहेत. पहिली जुनी पेन्शन, दुसरी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची सक्ती, तिसरी संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं, मग वैद्यकीय बिलं, वरिष्ठ वेतनश्रेणी, बदल्या असं करत करत अकराव्या नंबरला 'शिक्षण सेवकांच्या मानधनात वाढ करावी' अशी एक ओळ. बारावी मागणी काय आहे ते बघितलंस का? 'इतर अनुषंगिक मागण्या.' म्हणजे तुझ्या खाली फक्त 'इतर' उरलेत.

तुझे गुरुजी ज्या दोन मागण्यांसाठी सर्वात मोठ्याने बोलतायत, त्यांतली एकही त्यांची स्वतःची नाही, हेही माझ्या लक्षात आलं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहेच, आणि तीन वर्षं राहिलेला माणूस त्याच्या किती तरी आधीचा असणार. टीईटीचं म्हणशील तर सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला जो निकाल दिला, त्यात निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ असलेल्यांना सूट आहे. पदोन्नती तेवढी मिळणार नाही. तू तर टीईटी पास होऊनच आलीस. तरी गुरुजी पुढे आहेत. हा त्यांचा मोठेपणा की पदाची सवय, ते मी इथं कोल्हापुरात टाकाळ्यात बसून सांगू शकत नाही. तू दीड वर्ष त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवतेस, तुला कळत असेल. मला आपलं वाटतं, थोडं थोडं दोन्ही असावं.

आधी मिस्टरांचं. ते घाबरलेत ते उगीच नाही. ६ ऑगस्ट २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात साफ सांगून टाकलं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला नाही आणि नैतिकही नाही. तिथल्या सरकारने एका फटक्यात लाखाहून जास्त कर्मचारी आणि शिक्षक कामावरून काढले होते. बहुतेक जण परत गेले, पण बिनशर्त माफी मागून आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून देऊन. त्याच्या बरंच आधी, १९६२ साली, बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की कर्मचाऱ्यांच्या शांततेच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, मात्र संप हा हक्क नव्हे. या दोन निकालांमधली जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर आपल्या सगळ्या संघटना पाय रोवून उभ्या आहेत. काळी फीत लावून शिकवलंस, शाळा सुटल्यावर पंचायत समितीसमोर धरणं धरलंस, रविवारी मोर्चात गेलीस, तर पायाखाली जमीन आहे. सामूहिक रजा म्हटली की चिखल सुरू होतो. रजा ही मागायची गोष्ट आहे, ती हक्काने मिळत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नामंजूर केली की तो गैरहजेरीचा दिवस. आणि बेमुदत बंद म्हणजे भोगावतीचं पावसाळ्यातलं पात्र. पोहता येणाऱ्यानेही आधी अंदाज घ्यावा.

त्यात तू सेविका. गुरुजींचा सात दिवसांचा पगार कापला तर त्यांचा एखादा हप्ता पुढे जाईल. तुझ्या १६ हजारांतले सात दिवस गेले तर खोलीचं भाडं जाईल. आणि तीन वर्षांचा काळ समाधानकारक झाला असा अहवाल वर गेल्याशिवाय तुला वेतनश्रेणी लागायची नाही. एकाच संपात दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात, घोषणा एकच असते, पण दोघांचा खर्च सारखा नसतो. ही गोष्ट संघटनेच्या बैठकीत कुणी बोलत नाही. बोललं की एकजूट फोडतेय म्हणतात.

आता पप्पांचं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि एक फरकही सांग. ते मागावर होते तेव्हा संपाला एक वाट होती. मालक ऐकत नाही म्हटल्यावर नोटीस द्यायची, मग कामगार खात्याचा अधिकारी मध्ये पडायचा, दोन्ही बाजू समोरासमोर बसायच्या, घासाघीस व्हायची, चहा व्हायचा, पुन्हा घासाघीस, आणि शेवटी करारावर सह्या. सही झाली की कायद्याने मालकही बांधला आणि मजूरही. आपल्याला ती वाट नाही. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. निकाल असा आला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. का, तर तो मुलं घडवतो; कारकुनी काम त्याला असलंच तर ते केवळ आनुषंगिक. हे वाचून मी एकटीच हसले होते. युडायसवर भरायची शाळेची माहिती, आधारची दुरुस्ती, पोषण आहाराचा रोजचा आकडा, लिंक भरा, पुन्हा तीच लिंक भरा... निकाल देणाऱ्यांना आजची शाळा दाखवली असती तर शिक्षक हा कारकून असून शिकवणं हे त्याचं आनुषंगिक काम आहे, असा निकाल आला असता.

मग वाटाघाटीचं टेबलच नसेल तर काय होतं? निवेदन होतं. त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक. मग स्मरणपत्र. मग टाऊन हॉलपासून नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मोर्चा. मग मुंबईत 'सकारात्मक चर्चा'. मग समिती. मार्च २०२३ चा संप आठव. १४ तारखेला सुरू झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सारं कोल्हापूर दणाणून गेलं होतं. मी स्वतः रस्त्याकडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. २० तारखेला मिटला. कशावर? निवृत्त अधिकाऱ्यांची समिती तीन महिन्यांत अहवाल देईल, यावर. मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. माझ्या खात्यावर दर महिन्याला जुनी पेन्शन जमा होते, ती मिळते म्हणून तर मी ही सदरं लिहीत बसू शकते. दुसऱ्याने ती मागितली की नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण सात दिवस शाळा बंद ठेवून हातात कागद कुठला आला, हे विचारायचा अधिकार सगळ्यांना आहे.

आणि एक गंमत सांगते. विधान परिषदेत शिक्षकांचा म्हणून एक आमदार असतो, आपला पुणे शिक्षक मतदारसंघ, पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत पाच जिल्ह्यांचा. त्याला मत देतात माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. तू प्राथमिकची, तुला मत नाही. शिक्षकांचा आमदार आहे, पण तो तुझा नाही. म्हणून तुझा आवाज जायचा तर संघटनेतूनच जाणार. तिथं तुझी ओळ अकराव्या नंबरला आहे.

आता मी माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला तोंड नाही.

१४ डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. र. ग. कर्णिक पुढारी. केंद्राच्या दराने महागाई भत्ता द्या, ही मागणी. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षात होते, पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात. वय तुझ्याहून लहान. तालुक्याहून निरोप आला, मी सही केली. का केली विचारशील तर सगळ्यांनी केली म्हणून. आठवड्याभरात मिटेल म्हणत होते. तो चालला ५४ दिवस. किराणावाल्याने वही बंद केली नाही, उलट त्याच्या बायकोने एकदा शेंगा दिल्या पिशवी भरून आणि म्हणाली, "भिऊ नका, वसूल करून घेऊ." गावाने मला उपाशी ठेवलं नाही. भत्त्याची मागणीही पुढे मान्य झाली. आज महागाई भत्ता वाढला की टीव्हीवर पट्टी येते, तेव्हा मला ते ५४ दिवस आठवतात.

पण चौथीत माझा एक पोरगा होता. गणितात असा, की मी फळ्यावर उदाहरण लिहून मागे वळायच्या आत उत्तर सांगायचा. त्याचा बाप गुऱ्हाळावर चुलव्या, चुलवाण पेटतं ठेवणारा. संप सुरू झाला तो ऐन गुळाचा हंगाम. शाळा बंद, पोरगं घरी, बाप त्याला संगं घेऊन गेला. फेब्रुवारीत शाळा उघडली, सगळे आले, हा आला नाही. चार दिवस वाट बघितली आणि एका संध्याकाळी गुऱ्हाळावर गेले. पोरगा चुलवाणासमोर उकिडवा बसून वाळलेली चिपाडं आत ढकलत होता. तोंडावर सारा उजेड. जवळ गेले तेव्हा दिसलं, भुवया जळून गेल्या होत्या. माझ्याकडे बघून उठून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. बाप म्हणाला, "बाई, दोन म्हैनं तुमीबी न्हवतासा की. आता हंगाम सोडून कसा यील?" मी म्हणाले, हंगाम संपला की पाठवा. तो हो म्हणाला. हंगाम संपला, वर्ष संपलं, पोरगा आला नाही.

संपामुळेच त्याची शाळा सुटली असं छातीठोक सांगता येत नाही; तेव्हा तशीही अर्धी पोरं चौथीत गळायची. पण काहिलीतला गूळ उकळतानाचा तो वास आला की आजही माझा पाय क्षणभर अडखळतो. आमच्या ५४ दिवसांची भरपाई महागाई भत्त्यात झाली. त्याच्या ५४ दिवसांचं काय, हे मागण्यांच्या यादीत नव्हतं, मिटवतानाच्या बोलण्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर माझ्याही डोक्यात नव्हतं.

म्हणून तुझ्या अध्यक्षांनी शाहू महाराजांवरून मारलेला टोमणा मला झोंबला, पण तो माणूस चुकीचं बोलला नाही. १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आलं आणि पोरगं शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. मास्तरला दंड कोण लावणार म्हणतात, तर त्यांना सांग की लागतो. काम नाही तर वेतन नाही, हा दंडच आहे, आणि तो रुपयाहून पुष्कळ जास्त आहे. पण एवढ्याने त्यांचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. त्यांचा खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही भांडताय त्यात माझ्या पोराचं काय?

या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर आहे. तुझ्याच पत्रकात आहे, तिसऱ्या नंबरला, संचमान्यता. पण ती अशा भाषेत लिहिलीय की अध्यक्षांना सोड, मलाही दुसऱ्यांदा वाचल्यावर कळली. '१५ मार्च २०२४ चा शासन निर्णय रद्द करावा.' गगनबावड्याच्या वाडीवर या वाक्याचा काय अर्थ लागणार? त्याऐवजी असं सांग: "दादा, आपला पट १८. चार वर्ग, दोन शिक्षक. कमी पटाच्या शाळेत दुसरा कायम शिक्षक ठेवायचा की नाही, हे वर मुंबईत ठरतं. एक शिक्षक राहिला तर तो पहिलीला अ काढून देईल तेव्हा चौथी काय करेल? तो मीटिंगला गेला की शाळा कोण उघडेल?" हे सांगितलंस तर अध्यक्ष तुझ्या आधी मोर्चात येऊन उभे राहतील.

उगीच म्हणत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने ठरवलं होतं की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा. त्याविरुद्ध २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. एक दिवस. पुढे तो कंत्राटीचा निर्णय शासनाने मागे घेतला. एका मोर्चाने झालं असा दावा मी करणार नाही, पण त्या दिवशी माझ्या ओळखीच्या दोन गावांतले पालक ट्रॅक्सने कोल्हापूरला आले होते, आणि ते काही कुणाच्या पेन्शनसाठी आले नव्हते. कोल्हापुरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्धच्या आंदोलनाचंही तसंच झालं ना! एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा पुढे होतेच, पण भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा पिशवी हातात धरून मोर्चात शिरायची, म्हणून कोल्हापूरचा टोल गेला. तिच्या पदरातून पैसे जात होते हे तिला कळलं होतं.

परदेशातलं एक उदाहरण देते, ते मला फार आवडतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचं डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं गरीब राज्य आहे. तिथंही शिक्षकांना संपाचा कायदेशीर हक्क नाही. २०१८ साली तिथल्या सगळ्या ५५ जिल्ह्यांतले शिक्षक संपावर गेले, शाळेचे नऊ दिवस. मध्येच पुढाऱ्यांनी तडजोड जाहीर केली, शिक्षकांनी ती मानली नाही. कायदा पास होऊन पाच टक्के वाढ हातात पडल्यावरच परतले. पण मला आवडतं ते वेगळंच. संपाला निघायच्या आधी त्यांनी खाण्याच्या पिशव्या भरल्या. शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. सरकारशी भांडण होतं, पोरांशी नव्हतं, आणि हे त्यांना भाषण करून सांगावं लागलं नाही.

आता तुझ्या वाडीवरचा डबा बघ. तांदूळ शाळेच्या खोलीत, किल्ली गुरुजींकडे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन तुझ्या सोळा हजारांपुढेही चिमूटभर. शाळेला कुलूप लागलं की दुपारची खिचडी बंद, आणि मावशींचं काय होणार हे कुणी विचारतच नाही. बंद करायचाच असेल तर पोषण आहार चालू राहील अशी सोय समितीशी बोलून, लेखी करून, आधी लावा. हिशेबाची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते, त्यामुळे गुरुजी कुरकुरतील. कुरकुरू देत.

आता तू काय करायचंस. एक दिवसाचा बंद किंवा मोर्चा असेल तर जा, फार विचार करू नकोस. एका दिवसाच्या मानधनावर पाणी पडेल, तेवढं सोस. बेमुदतचं म्हणशील तर आत्ता सही करू नकोस. 'नाही' म्हणू नकोस, 'आत्ता नाही' म्हण, आणि का ते बैठकीत उभं राहून सांग. तिथं जमलेल्यांत तुझ्यासारखे सेवक-सेविका पाच-दहा तरी असतील, त्यांना आधी गाठ; एकटी बोललीस तर नवखी पोरगी ठरशील, सहा जणं बोललात तर त्याला मागणी म्हणतात. (आपल्याकडे संघटना तरी किती! संघ, समिती, त्यातले गट, गटांतले उपगट. काही वाड्यांच्या पटापेक्षा जिल्ह्यात संघटना जास्त निघतील. पतसंस्थेच्या निवडणुकीत एकमेकांची उणीदुणी काढणारे लोक संपाच्या दिवशी एका चादरीवर बसतात, आणि मिटायच्या दिवशी कोण आधी उठला यावरून पुन्हा भांडतात. तुला हे सगळं बघायला मिळणार आहे, घाबरू नकोस.)

तिथं काय मागायचं? तुमची ओळ अकरावरून वर आणा, तिसरी-चौथी करा. नोटीस लेखी आणि मुदत ठेवून दिलीय का, विचारा. बोलणी करायला कोण जाणार आणि निदान काय मिळालं तर परतायचं, हे आज ठरवायला सांगा. बेमुदत म्हणजे बेहिशेबी नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिटवताना जो कागद होईल त्यात 'सेवकांसह सर्वांवरील कारवाई मागे, सेवेत खंड नाही, सेवक काळ वाढवला जाणार नाही' हे शब्द असल्याशिवाय कुणी सही करणार नाही, असा ठराव करून इतिवृत्तात घालायला लावा. कारवाई मागे घ्यायचं मिटवताना ठरतं, आपोआप होत नाही. ते दिवस कुठल्या रजेत बसवायचे यावर पुढे महिनोन्महिने पत्रापत्री चालते, आणि त्या पत्रापत्रीत सेवक हा शब्द नसेल तर पगाराच्या शालार्थ प्रणालीवर तुझं नाव शोधत फिरायची पाळी तुझ्यावरच येईल.

हे सगळं मान्य झालं आणि संप झाला, तर जा. उघड जा, स्वतःच्या नावाने पत्र देऊन. डॉक्टरचा खोटा दाखला जोडून 'आजारी' पडू नकोस. मी असे शिक्षक बघितलेत, संप यशस्वी झाला की हार घालून घ्यायला पुढे, फसला की दाखला काढायला मोकळे. मान्य झालं नाही आणि तू थांबायचं ठरवलंस, तर तेही गुरुजींच्या तोंडावर सांग, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. त्या दिवसांत तुझ्या पोरांना तू शिकव, पण अधिकाऱ्यांनी शेजारच्या बंद शाळेवर जा म्हटलं तर तिथं जायला लेखी नकार दे. पप्पांना हा फरक समजेल. स्वतःच्या मागावर बसणं वेगळं आणि संपावर गेलेल्या माणसाच्या मागावर जाऊन बसणं वेगळं, हे इचलकरंजीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि जाणार असशील तर निघायच्या आधी, निघाल्यावर नव्हे, समितीची बैठक घे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. त्यांना तारीख सांग, कारण सांग, आणि बुडालेले तास कधी भरून काढणार ते सांग. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. शनिवारची दुपार, सुट्टीतले आठ दिवस, कसं बसवायचं ते तुझं तू बघ, पण त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखव. १८ पोरांची यादी काढ आणि त्यांतली कुठली दोन-तीन सुट्टी लागली की रानात, गुरांमागे किंवा ऊसतोडीच्या फडावर जातात, त्यांच्या नावापुढे खूण कर. संप चालू असताना त्या घरांवरून एक चक्कर मारायची. शिकवायला नाही गेलीस तरी चालेल. नुसतं दारात उभं राहून "काय करतंय गं पोरगं?" विचारायचं. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

बैठकीचा निरोप गुरुजींकडून आला की तारीख मला कळव. जाताना वही-पेन घेऊन जा, मोबाइलवर टिपण नको. लोकांना वाटतं रेकॉर्डिंग करतेय. आणि पुढच्या रांगेत बस. असल्या बैठका ज्या हॉलमध्ये होतात तिथला पंखा फार आवाज करतो, मागून बोललेलं अध्यक्षांना ऐकू येत नाही, किंवा ऐकू आलं नाही असं म्हणता येतं.

तुझी,
बाई